झाकणाखालचा खटका आणि मराठी गद्य

वर्धा जिल्ह्यात कपडे वाळवायला यंत्र लागावे, हे ऐकणाऱ्याला गमतीचे वाटेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढला की दोरीवर टाकलेल्या लुगड्याचे एक टोक सरळ करीपर्यंत दुसरे वाळलेले असते. पण श्रावणात हेच गाव ओल धरून बसते. काळ्या मातीचा दमटपणा भिंतींत उतरतो, कपडे तीन-तीन दिवस ओसरीत लोंबतात आणि शाळेच्या गणवेशाला कुबट वास सुटतो. अशा वेळी सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातल्या त्या लहान टाकीवर घराचे वेळापत्रक अवलंबून असते. आपण तिला ‘ड्रायर’ म्हणतो. शब्द तसा चुकीचा आहे, कारण ती कपडे वाळवत नाही. गरगर फिरवून पिळते. गरम हवेचा खरा ड्रायर परदेशातल्या मराठी घरांत आणि शहरांतल्या काही सदनिकांत असतो. मात्र दोन्हींत एक भाग समान आहे. खऱ्या ड्रायरच्या दाराला आणि आपल्या टाकीच्या झाकणाला एक खटका असतो. दार वा झाकण लागले की तो जोडला जातो, उघडले की तुटतो आणि मोटरची वीज बंद होते.

हा खटका बिघडला की काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. टायमर फिरवला, तो टिकटिक करू लागला, पण टाकी हलत नाही. कारागीर येतो, मागचे झाकण उघडतो, दोन तारा हातात घेतो आणि विचारतो, “काकू, डायरेक्ट करून देऊ का? मंग कटकटच नाही.” काकू हो म्हणतात. खटका वगळून दोन तारा एकमेकींना पिळल्या जातात, वर टेप गुंडाळली जाते आणि यंत्र चालू होते. आता झाकण उघडे असले तरी टाकी फिरते. मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेणाऱ्या त्या टाकीत घरातले मूल केव्हाही हात घालू शकते. ओल्या कपड्याचे टोक मनगटाला गुंडाळले गेले, तर हात सोडवून घ्यायला क्षणाचीही उसंत मिळत नाही.

या ‘डायरेक्ट’ शब्दाला मराठी गद्याचा एक अभाव कारणीभूत आहे असे माझे मत आहे. साहित्याच्या अध्यापकांना ते ओढूनताणून आणलेले वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोष शोधणे ही मुळात वाचनाची क्रिया आहे. न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची जोडी आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो: अमुक असले तर तमुक असते, अमुक नसले तर तमुक नसते. कारागीर दुसरे काय करतो? टाकी फिरत नाही, पण मोटर घुमल्यासारखा आवाज करते आहे, याचा अर्थ वीज मोटरपर्यंत पोचते आहे. मग खटक्याला दोष देण्यात अर्थ नाही. कपॅसिटर गेला असेल, ब्रेक अडकला असेल किंवा एखादा मोजा टाकीखाली जाऊन बसला असेल. आवाजच नाही, आणि शेजारची धुण्याची टाकी मात्र व्यवस्थित चालते आहे, तर घरातली वीज आणि प्लग निर्दोष ठरतात. संशय ड्रायरचा टायमर आणि झाकणाचा खटका यांच्यावर येतो. (मोटर जळली असेल तरी आवाज येत नाही, पण तो संशय शेवटी घ्यायचा.) आता झाकण तळहाताने जरा दाबून पाहावे. दाबल्यावर टाकी फिरू लागली, सोडल्यावर थांबली, तर खटका बहुधा शाबूत आहे. झाकणाचा जो प्लास्टिकचा दांडा त्याला ढकलतो तो झिजला आहे, किंवा बिजागरी सैल झाली आहे. दाबूनही काही होत नसेल तर प्लग काढावा, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते म्हणून त्याला हात लावू नये, आणि खटक्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. झाकण बंद असताना मीटर वाजला पाहिजे, उघडल्यावर गप्प झाला पाहिजे. दोन्ही वेळा गप्प राहिला तर खटका गेला. दोन्ही वेळा वाजला तर पितळी पट्ट्या चिकटल्या आहेत किंवा कुणीतरी आधीच ‘डायरेक्ट’ करून ठेवले आहे. आणि दोन्ही वेळा हवे तसे घडले तर खटका सोडून टायमरकडे वळावे. पुष्कळदा पट्ट्यांवर ठिणग्यांची काजळी आणि ओलाव्याची हिरवट बुरशी धरलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने पुसली की काम भागते. नाहीच भागले तर नवा खटका बसवावा. नव्या यंत्राच्या मानाने त्याची किंमत क्षुल्लक असते.

हे सारे लिहायला मराठीला काही अडचण पडली का? एकही शब्द कोशातून शोधून आणावा लागला नाही. तरीही यंत्रासोबत येणारी पुस्तिका चाळून पाहावी. मराठी असलीच तर ती इंग्रजीचे शब्दशः ओझे वाहणारी असते, आणि ‘ड्रायर फिरत नाही’ या ओळीसमोर ‘झाकण नीट लावा’ किंवा ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ एवढेच असते. झाकण उघडे ठेवून यंत्र चालवू नका, ही सूचनाही ठळक छापलेली असते. पण का, ते सांगितलेले नसते. बहुतेक यंत्रांत झाकण उघडताच खटका वीज तोडतो आणि त्याच वेळी ब्रेकही आवळला जातो. तारा पिळून खटका वगळला की ब्रेक आवळलेला आणि मोटर वीज खाते आहे, अशी रस्सीखेच सुरू होते. मोटर तापते, ब्रेक झिजतो आणि काही महिन्यांत दुसरे बिल येते. हे कारण काकूंना कुणी सांगितले असते तर त्यांनी ‘हो’ म्हटले असते का? कारणाविना आलेली सूचना माणसे हुकूम म्हणून ऐकतात, आणि हुकूम मोडायला आपण भारतीय फारसा विचार करीत नाही.

वर्ध्यात हे लिहिताना जुन्या गोष्टी आठवणे अपरिहार्य आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली; नयी तालीम म्हणतात ती तिथून पुढे आली. त्या वर्षी ‘हरिजन’मधून गांधीजींचा आग्रह असा होता, की हस्तोद्योग यंत्रवत शिकवू नये, प्रत्येक क्रियेमागचे कारण मुलाला कळले पाहिजे. आपण नयी तालीम म्हणजे सूतकताई असे समजून तिला संग्रहालयात ठेवून दिले. मगन संग्रहालय गांधीजींनीच १९३८ च्या डिसेंबरात उघडले. तिथले चरखे आपण सहलीच्या मुलांना दाखवतो. कारणाचा आग्रह मात्र कुणी दाखवत नाही, कारण तो काचेच्या कपाटात मावत नाही.

त्याआधी १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किती सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, या अटी सगळ्यांना आठवतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी अट: यंत्र वेळच्या वेळी दुरुस्त करीत राहिल्यास २० वर्षे चालावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. दुरुस्ती ही यंत्राच्या व्याख्येतच धरलेली होती. किर्लोस्करवाडीला तयार झालेला काळे यांचा चरखा स्पर्धेत उतरला, पण बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० पासून कारखान्याचे वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघत होते, आणि पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी कथा-लेखांचे एक मोठे घर झाले. नागपूरचे ‘उद्यम’ तर साबणापासून शेतीअवजारांपर्यंत सर्व काही सुबोध मराठीत सांगत असे. नांगराचा फाळ आणि लघुकथा एकाच छापखान्यात, एकाच भाषेत वावरू शकत होत्या. या दोन गोष्टींची ताटातूट केव्हा झाली याचा शोध एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने घ्यावा. ग्रामीण कादंबरीतील स्त्रीप्रतिमेवरच्या आणखी एका प्रबंधापेक्षा तो उपयोगी पडेल.

ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेर त्याचे संकेतस्थळही सुरू केले. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी, हा हेतू रास्त आहे. पण माहिती कोणत्या भाषेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या गद्यात? इंग्रजी आकृत्या मिळाल्याने आर्वी-हिंगणघाटच्या कारागिराला फारसे काही साधणार नाही. त्याच्याजवळ ज्ञान आहे, हाताला ते नेमके ठाऊक आहे. ‘झाकण दाबून पाहा’ ही युक्ती त्याला कुठल्या पुस्तिकेने शिकवली नाही. मात्र ते ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते, आणि घाईच्या दिवशी त्यातला ‘डायरेक्ट’ तेवढा उरतो.

आपल्या उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत बातमी, जाहिरात, मुलाखत, इतिवृत्त यांना जागा मिळाली. तीही बऱ्याच भांडणांनंतर. त्यांच्या शेजारी दोषशोधनाचे गद्य का बसू नये? विद्यार्थ्याला एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात चार दिवस बसवावे, कारागिराचे बोलणे उतरवून घ्यायला सांगावे, आणि परीक्षेत प्रश्न घालावा: ‘टायमर चालतो, मोटरचा आवाज नाही, धुण्याची टाकी ठीक आहे. घरच्या माणसाला कारणांसह समजेल असे दीडशे शब्दांत लिहा.’ उत्तरपत्रिका तपासायला मात्र मराठीच्या अध्यापकाबरोबर त्या कारागिरालाही बोलवावे लागेल, आणि मानधन दोघांना सारखे द्यावे लागेल.