दुकानदार कार्ड परत देतो

परवा एका विद्वान वक्त्यांनी ठणकावून सांगितले की ओळखपत्र दाखवल्याशिवाय समाजमाध्यमांत कुणाला शिरू देऊ नये. युक्तिवाद सुटसुटीत : मुले बिघडताहेत, ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025पासून सोळा वर्षांखालच्यांना खाती बंद केली, आपण कशाची वाट पाहतोय? वर हुकमी एक्का : “लपवायचे नाही त्याला भीती कसली? दारूच्या दुकानात वय विचारतातच ना!”

तर चला, दारूच्या दुकानात. महाराष्ट्रात बिअरला 21, कडक दारूला 25 वर्षांची अट. शिवाय 1949च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवानाही हवा. तो किती जणांच्या खिशात असतो, हे विद्वानांनी आपल्याच मित्रमंडळींना विचारावे. ते सोडा. दुकानदार चेहरा बघतो, शंका आली तर कार्ड बघतो आणि परत देतो. झेरॉक्स काढून, गिऱ्हाइकाने काय नेले, किती वाजता नेले, हे तिला टाचून ठेवत नाही. शिवाय विचारतो तो फक्त दुकानात आलेल्यालाच. समाजमाध्यमांत मात्र एक पोर हुडकायला अख्ख्या गावाची झडती. भजने ऐकणाऱ्या आजींचीही. आणि या झडतीत घेतलेली झेरॉक्स पुढे कुठे जाते? ऑक्टोबर 2025मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने कबूल केले की सुमारे 70 हजार जणांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत. त्यातली कित्येक वयाच्या शहानिशेसाठीच दिलेली होती! पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख कुठून बदलायची?

बरे, एवढे करून उपयोग तरी होतो का? ब्रिटनने जुलै 2025मध्ये वयाची तपासणी सुरू केली आणि लोकांनी धडाधड ठिकाण लपवणारे व्हीपीएन उतरवून घेतले. आपल्या 2023च्या विदा-संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची संमती आहे. पण आपल्या घरांत “ओटीपी आलाय, बघ रे” म्हणत फोन पोराच्याच हातात दिला जातो.

‘लपवायचे काय’ हे पालुपद आधारच्या वेळीही ऐकले होते. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तरी ते काही थांबत नाही. असे विचारणारे स्वतःचा फोन मात्र टेबलावर पालथा ठेवतात.

मुलांची काळजी मलाही आहे. त्याच 2023च्या कायद्याने मुलांचा माग काढायला आणि त्यावर बेतलेल्या जाहिराती त्यांना दाखवायला मनाई केली आहे. ती मनाई सरसकट सगळ्यांनाच लावा. मग त्यापुरते तरी मूल कोण, हे शोधावे लागणार नाही. जिथे वय बघणे खरेच भाग आहे, तिथे ‘अठरा पूर्ण, होय’ एवढेच पोचावे. नाव, पत्ता, जन्मतारीख नको. तंत्र अवघड नाही. अडचण इतकीच की अशा उत्तरातून कुणालाही जाहिरात विकता येत नाही.