न्याहारी आधी, प्रश्न नंतर



रात्री घरात कडू शब्द बोलले गेले, की सकाळी एकमेकांसमोर जाणंही जड वाटतं. तुम्हाला हा अनुभव आहे ना? मलाही आहे.

गेल्या महिन्यात मुलाला गणितात कमी गुण पडले. दिवसभराचा थकवा होता, त्यात तो पेपर हाती आला आणि मी बोलून गेले, "तुझ्याकडून काहीच होणार नाही." तो न जेवताच झोपला. मी प्रार्थनेला बसले, पण शब्द फुटेनात. ज्या तोंडाने लेकराला दुखवलं, त्याच तोंडाने देवाशी काय बोलू?

पहाटे मी योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय उघडला. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर तिबिर्याच्या समुद्रात जाळं टाकत राहिले, पण हाती काही लागलं नाही. उजाडता उजाडता प्रभू येशू किनाऱ्यावर उभा होता. त्याच्या सांगण्यावरून जाळं टाकलं, तर १५३ मोठे मासे मिळाले! ते किनाऱ्यावर आले, तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकरही होती.

हा कोळशाचा विस्तव याआधी १८व्या अध्यायात येतो. प्रमुख याजकाच्या अंगणात थंडीत शेकत असताना पेत्राने प्रभूला नाकारलं, ते अशाच विस्तवापाशी. त्या धगीने त्याला ती रात्र आठवली नसेल का? पण प्रभूने त्याला आल्या आल्या जाब विचारला नाही. आधी जेवायला बोलावलं, स्वतःच्या हाताने वाढलं. प्रश्न विचारले ते न्याहारीनंतर.

मात्र प्रश्न विचारले, हेही विसरू नका. पेत्राने तीनदा नाकारलं होतं, आणि प्रभूनेही त्याच्या प्रीतीविषयी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं. नवी सुरुवात म्हणजे झालं गेलं झाकून टाकणं नव्हे. दुखऱ्या जागेला हात लागतो, पण तो प्रेमाचा हात असतो. आणि त्याच पेत्राच्या हाती प्रभू आपली मेंढरं सोपवतो.

मी बायबल मिटलं आणि पोहे भिजवले. मुलगा उठल्यावर बशी त्याच्यासमोर ठेवली आणि शेजारी बसले. तो खात असताना म्हटलं, "काल मी बोलले ते खोटं होतं. माझं चुकलं. मला माफ कर." तो काही बोलला नाही. बशी मात्र रिकामी झाली. शाळेत निघताना दारातून म्हणाला, "आई, संध्याकाळी अपूर्णांक समजावशील?"

एका सकाळीत सगळं ठीक झालं, असं मी म्हणणार नाही. अजूनही पेपर हातात घेतला की तो माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. ते पाहून मला माझे शब्द आठवतात. विश्वास हळूहळू परततो. पण सुरुवात झाली आहे, आणि ती त्याच स्वयंपाकघरात झाली, जिथे मी चुकले होते.

प्रियांनो, नव्या सुरुवातीसाठी १ जानेवारीची वाट पाहू नका. तुमच्या घरात कोण न जेवता झोपलं आहे? कोणाचा फोन तुम्ही टाळता आहात? उद्या सकाळी एक कप चहा त्या व्यक्तीसमोर ठेवा. आपली चूक असेल, तर "पण" न लावता कबूल करा. आणि उत्तर लगेच आलं नाही, तरी शेजारी बसून राहा.

चला, प्रार्थना करू या: प्रभू, माझ्या अपयशाच्या जागीच तू माझ्यासाठी विस्तव पेटवून थांबला आहेस. तुझ्याकडून मिळालेली क्षमा आज माझ्या घरात वाढायला मला शिकव. आमेन.