ओल्या शाईचे माप

ओल्या मालाचे वजन व्यापारात कोणी प्रमाण मानीत नाही. माळव्याच्या मंडीत सोयाबीन आले की प्रथम त्यातील ओलावा पाहतात. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ही त्याची नेहमीची मर्यादा होय. मग छायाचित्रे छापणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी ओल्या शाईच्या मापावर विश्वास का ठेवावा?

इंकजेट यंत्राची शाई कागदावर पडताच हाताला कोरडी लागते, परंतु तो कोरडेपणा वरवरचा असतो. पाणी लवकर उडून जाते. ग्लायकोलसारखी मंद द्रव्ये कागदाच्या लेपात रेंगाळतात आणि तोवर रंगाची छटा किंचित बदलत राहते. विरघळलेल्या रंगाच्या शाईत हा बदल अधिक, सूक्ष्म रंगकणांच्या शाईत बहुधा कमी. पावसाळी दमट हवेत तर वाळण्यास आणखी विलंब लागतो.

यंत्राचे रंग जुळविताना ठराविक रंगांचे चौकोन छापून ते स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात आणि त्यावरून दुरुस्तीचे कोष्टक सिद्ध होते. अशा कोष्टकांचा सर्वमान्य नमुना १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने घालून दिला. चौकोन ओले असतानाच मोजले, तर ती चूक कोष्टकात शिरते व पुढील प्रत्येक छायाचित्रात उतरते. वजनच खोटे असेल, तर दिवसभराचे सारे तोल खोटे ठरावयाचे!

लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभे असताना थांबावे कसे, असे कोणी विचारील. परंतु ही प्रतीक्षा प्रत्येक गिऱ्हाइकापाठीमागे नाही. कागद किंवा शाई बदलेल तेव्हा चौकोन छापून ते एक अहोरात्र मोकळ्या हवेत वाळू द्यावेत, एवढेच. गिऱ्हाइकासही स्पष्ट सांगावे की, ताजे चित्र लगेच काचेच्या चौकटीत बसवू नये. कोंडलेल्या वाफेने काच धुरकट होते.

इंदूर-खंडवा मार्गावरील सिमरोल येथे २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे आवार आहे. तेथे सूक्ष्म मापनाची विद्या शिकवली जाते. परंतु त्याच गावच्या लहान दुकानदारास मोजणीचे महागडे यंत्र परवडणे कठीण. तेव्हा चार-सहा दुकानदारांनी मिळून एक यंत्र घ्यावे, आणि आदल्या दिवशी छापलेला कागदच मोजणीस आणावा, असा नियम आपसांत ठरवावा. लग्नाचे छायाचित्र घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्यासाठी एका दिवसाची सबुरी जड वाटू नये.