हळद जखमेला लावा, रेडिएटरला नको

खोपोलीहून बोरघाट चढताना बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली की भोवती चार जाणकार जमतात. त्यातला एक हमखास सांगतो, ‘रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका.’ माझ्या पद्मिनीलाही हा सल्ला शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे मिळाला. मी हळद टाकली. गळती थांबली. वाईट झालं ते हेच.

गळती थांबली म्हणून मी सबंध उन्हाळा कर्जत-खालापूर करत राहिलो. पण भोक बुजवणारी पूड भोकापाशीच थांबत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. पाणी फिरेनासं होतं, इंजिन तापतं. पद्मिनीला लोखंडी ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, ऑइल दुधाळ चहासारखं झालं. चमचाभर हळदीची किंमत मी लेथवाल्याकडे मोजली.

घरी पोचण्यापुरता जुगाड मला मान्य आहे. रात्री घाटात अडकलेल्याला मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. माझं भांडण दुसऱ्या दिवशीही तोच जुगाड चालू ठेवणाऱ्यांशी आणि त्याचं रील करून ‘देसी दिमाग’ म्हणून मिरवणाऱ्यांशी आहे.

कारण गळती शोधणं अवघड नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी थेंब कुठे पडलाय ते बघा. होज पाइप चिरलाय की क्लिप सैल आहे? पाणी कमी होतंय पण पुठ्ठा कोरडा आहे? मग सायलेन्सरचा पांढरा धूर आणि ऑइलचा रंग बघा. फक्त तापलेल्या इंजिनाचं रेडिएटर कॅप उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं, ते थेट तोंडावर येतं.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. तो उघडून साफ करता येतो, डाख देऊन पुन्हा उभा करता येतो. हे काम जाणणारे कारागीर आता कमी उरलेत. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, तसं त्यांचं रोजचं गिऱ्हाईकही गेलं. उरलो आपण, जुन्या गाड्यांचे हौशी. आपण रंगावर, क्रोमवर पैसा ओततो आणि डाख देणाऱ्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो. त्याचं दुकान बंद झालं की आपली गाडी फक्त फोटोपुरती उरणार.

पाण्याच्या पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब पडतो. ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे, आपल्याला कळावं म्हणून. तेही एम-सील लावून बुजवणारे मी पाहिलेत. थेंब थांबतो, सील गेलेलंच राहतं. आणि मग गाडी घाटात बंद पडली की म्हणतात, जुन्या गाड्यांचा भरवसा नाही.