खेळाडू विद्यार्थी कीं संस्थेची मालमत्ता ?

महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभांत खेळाडू विद्यार्थ्याच्या गळ्यांत हार घालून ‘हा आमच्या संस्थेचें भूषण आहे’ असें म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हेंच भूषण पुढच्या वर्षीं दुसऱ्या महाविद्यालयांत जाण्याची इच्छा दर्शवितें, आणि एका रात्रींत तें कृतघ्न ठरतें. त्याचा दाखला शोधण्यास कार्यालयास सवड मिळत नाहीं. आणि एरवीं मैदानाकडे न फिरकणाऱ्या गृहस्थांस जिल्ह्याच्या अब्रूची चिंता एकाएकीं जाळूं लागते. ‘जाणाऱ्या खेळाडूस एक वर्ष स्पर्धेंत उतरूं देऊं नये, म्हणजे ही धरसोड थांबेल’ हा त्यांचा तोडगा. तो अन्यायाचा तर आहेच, परंतु निरुपयोगीही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जालन्याचेंच उदाहरण घ्या. १ मे १९८१ रोजीं औरंगाबादेकडील कांहीं तालुके व परभणीकडील परतूर मिळून हा जिल्हा झाला. येथील महाविद्यालयांचा संबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशीं. परंतु मंठ्याची हद्द ओलांडून जिंतुरास गेलें कीं विद्यापीठ नांदेडचें लागतें. जाफराबादेहून चिखलीस गेलें कीं अमरावतीचें. एखाद्या मुलीच्या मामाचें घर जिंतुरास असलें व ती तेथें शिकावयास गेली, तर तिनें केवळ शेजारचें गांव गांठलें. कागदोपत्रीं मात्र तिनें विद्यापीठच बदललें! आणि अंबडचा धावपटू छत्रपति संभाजीनगरास कां जातो ? तेथें भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आहे म्हणून. जाणता मार्गदर्शक, नीट मैदान, राहण्याची सोय आणि पोटभर सकस अन्न या चार गोष्टींसाठीं तो घर सोडतो. त्या त्यास गांवींच द्या, तो जाणार नाहीं. त्या देण्याचें सोडून त्याची वाट अडविणें म्हणजे स्वतः विहीर न खणतां दूरवर पाण्यास निघालेल्याची घागर फोडणें होय.

शिवाय खेळाडू बाहेर गेल्यानें जिल्ह्याचें नांव बुडतें, हें तरी खरें आहे काय ? २०१४ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषकांत भारताचा कर्णधार जालन्याचा विजय झोल होता. तो जिल्ह्याच्या वेशींतच खेळत राहिला असता, तर संयुक्त अरब अमिरातींतील त्या स्पर्धेंत जालन्याचें नांव कोणीं घेतलें असतें ?

मोठ्यांस एक न्याय व लहानांस दुसरा, हें तर अधिकच दुःसह आहे. २०२५ च्या एप्रिलांत यशस्वी जयस्वालनें मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्याची परवानगी मागितली; मुंबईच्या संघटनेनें ती दिली. पुढें त्याचा विचार बदलला, तेव्हां ती विनंति मागें घेण्यासही तिनें मान्यता दिली. हें योग्यच झालें. परंतु जें औदार्य नामांकित खेळाडूच्या वांट्यास येतें, तें शेतकऱ्याच्या मुलीच्या वांट्यास कां येऊं नये ? विद्यार्थ्याचीं मूळ प्रमाणपत्रें अडवून ठेवूं नयेत, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालींच बजावलें आहे. नव्या शैक्षणिक धोरणांत तर एका संस्थेंत मिळविलेलें श्रेयांक दुसरीकडे नेण्याची सोय केलेली आहे. गणिताचा विद्यार्थी आपलें गणित घेऊन जाऊं शकतो. धांवणाऱ्यानें मात्र आपले पाय मागें ठेवून जावें काय?

यावर प्रतिपक्षी अमेरिकेकडे बोट दाखवितात. तेथें महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूस बहुधा एक वर्ष स्वस्थ बसावें लागे. २०२१ सालीं एकदां बदलण्याची मोकळीक मिळाली, २०२४ सालीं वारंवार बदलण्यावरचा निर्बंधही गेला, आणि आतां तेथें खेळाडूंचा बाजार भरला आहे, असें ते म्हणतात. बाजार भरला हें खरें. परंतु तो खेळाडूंनीं मांडलेला नव्हे. दूरचित्रवाणीच्या पैशावर विद्यापीठें गबर झालीं होतीं, शिक्षक-मार्गदर्शक अधिक वेतनासाठीं खुशाल विद्यापीठें बदलीत होते. बांधलेला होता तो एकटा विद्यार्थी. आपल्याकडे तो पैसा मुळींच नाहीं. रोग नसतां त्यावरचें औषध, तेंही त्या देशानें टाकून दिलेलें, आपल्या मुलांच्या घशांत कां ओतावयाचें ?

प्रतिपक्षाची एक गोष्ट मात्र आम्हांस मान्य आहे. मौलाना आझाद चषकासारख्या मानासाठीं गुणांची बेरीज करणाऱ्या संस्था फी-माफीचें आमिष दाखवून तयार खेळाडू उचलूं शकतात, आणि त्याचा गुडघा दुखावला म्हणजे त्यास विसरूंही शकतात. यास आळा घालावयास हवाच. परंतु तो संस्थेस घालावा. एकदां दिलेली सवलत, खेळाडू जायबंदी झाला तरी, पदवी पुरी होईपर्यंत काढतां येऊं नये. प्रवेश सत्रारंभींच व्हावा, एका वर्षांत एकाच संघाकडून खेळावें, वर्गांतील हजेरी व परीक्षा यांत सूट नसावी. आणि दाखला मागितल्यापासून ठराविक दिवसांत न देणाऱ्या संस्थेच्याच संघास त्या वर्षीं स्पर्धेबाहेर ठेवावें. एवढे नियम केले तर बाजार आपोआप मोडेल.

पदवीचीं वर्षें तीन किंवा चार. धांवण्याच्या भराचीं तर त्याहूनही थोडीं. त्यांतील एक वर्ष हिरावून घेणें ही शिस्त नव्हे. आपली मुलगी उत्तम शिक्षणासाठीं पुण्यास निघाली असतां जे पालक स्टेशनापर्यंत पोंचवावयास जातात, त्यांनीं दुसऱ्याच्या मुलीस मैदानासाठीं निघतांना अडवूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.