ग्राहक घरी नाही?

मंगळवार, दुपारचे सव्वातीन. ऑफिसात मीटिंग चालू आणि मोबाइलवर मेसेज टपकतो: 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नाही.' बॉस, घरी नाही म्हणजे काय? आमचे बाबा सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसलेले! आईसाठी बीपी मोजायचं मशीन यायचं होतं ना. फोन केला तर म्हणतात, "अगं, माझाच डोळा लागला असेल."

इथे डोकं फिरलं. पार्सल उशिरा येवो, चालेल. पण एका मेसेजपायी बाबांनी स्वतःवरच शंका घ्यायची? वॉचमनच्या रजिस्टरात तर कुरिअरवाल्याची एंट्रीच नव्हती!

मग चॅटबॉट. लिहिलं, 'माणसाशी बोलायचंय.' उत्तर: 'आपलं पार्सल ट्रॅक करायचंय का?' तीनदा तेच.

तर दोस्तहो, एक टिप. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवाच. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. तरी ढिम्म? मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मी रजिस्टरच्या फोटोसकट मेल टाकला. दोन दिवसांत मशीन घरी. तोच फोटो बाबांनाही दाखवला, "बघा, तुम्ही जागेच होतात."

पहिलं बीपी त्यांचंच मोजलं. एकदम नॉर्मल! माझं विचारू नका.