नकाशावरची रेघ आणि कामगाराचे मत

मतपेटी पळवली तर गावभर बोंब होते. पण मतदानाच्या कितीतरी आधी नकाशावर रेघा ओढून निकाल ठरवला, तर कुणाला पत्ताही लागत नाही.

गणित साधे आहे. मतदार ३००; आपले १६०, समोरच्यांचे १४०. शंभर-शंभरचे तीन विभाग करायचे आहेत. आपले ९० एकाच विभागात कोंबा, बाकीचे ३५-३५ दोन विभागांत वाटा. आपण एक जागा दणदणीत जिंकतो, गुलाल उधळतो आणि दोन जागा हरतो. मते आपली जास्त, कमिटी त्यांची.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हेच घडले. सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारे ते तिथले पहिले राज्य, साल १९५९. तो हक्क २०११ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने जवळजवळ संपवला आणि त्याच वर्षी मतदारसंघांचे नवे नकाशेही आखले. २०१८ मध्ये लोकांनी गव्हर्नर बदलला. विधानसभेत मात्र डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे ५३ टक्के मते मिळूनही ९९ पैकी ३६ जागाच हाती आल्या. पुढे न्यायालयाने नकाशे रद्द केले, २०२४ मध्ये नव्या नकाशांवर त्याच पक्षाला ४५ जागा मिळाल्या. हा पक्षही काही सोवळ्यातला नव्हे. मेरीलँड राज्यात त्याने हाच डाव खेळला.

आपल्याकडे रेघा विधिमंडळ ओढत नाही, परिसीमन आयोग ओढतो, ही मोठीच सोय. पण आयोगाच्या अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते. त्याविरुद्ध कोर्टात दाद मिळणे महाकठीण. बोलायचे ते मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, हरकतींच्या मुदतीत. २००८ च्या आदेशाच्या वेळी आम्ही झोपलो होतो. आमची रेल्वे कॉलनी दोन मतदारसंघांत वाटली गेली, हे आम्हाला मतदार याद्या आल्यावर कळले. मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. पण क्वार्टर्सच्या पाण्यासाठी तेव्हापासून आम्ही दोन आमदारांच्या दारी जातो, आणि दोघांनाही आमची मते मोजण्याइतकी वाटत नाहीत.

पुढचा मसुदा निघेल तेव्हा प्रत्येक शाखेने नकाशा मागवावा, कॉलनी, शेड, वस्ती कुठे पडते ते पाहावे आणि हरकत मुदतीत, लेखी, सह्यांनिशी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.